भिंतीवरची अक्षरे

राजाला जे तोंडावर सांगता येत नाही, ते जनावराच्या तोंडून सांगावे, ही युक्ती पंचतंत्राइतकी जुनी आहे. सिंहाच्या दरबारातील कोल्हे कोण, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे आणि सांगणाऱ्याने मात्र कानांवर हात ठेवायचे! विसाव्या शतकात या युक्तीला हलत्या चित्रांची जोड मिळाली. वर्तमानपत्रातले व्यंगचित्र चालू-बोलू लागले. पण सत्ता सत्याला कशी वाकवते हे दाखवणाऱ्या अशाच एका कार्टून चित्रपटाच्या वाट्याला जे आले, ते त्याच्या कथेहूनही अधिक विचार करावयास लावणारे आहे.

जॉर्ज ऑर्वेल हा बिहारातील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेला इंग्रज लेखक. त्याची ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही छोटीशी कादंबरी. शेतावरची जनावरे जुलमी मालकाला हाकलून देतात, आपण सारे समान असे ठरवतात आणि सात नियम कोठाराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवतात. पुढे डुकरे कारभारी होतात आणि भिंतीवरची अक्षरे गुपचूप बदलू लागतात. बिछान्यावर निजू नये हा नियम; डुकरे बिछान्यावर निजू लागताच त्याला चादरीची अट चिकटते. जनावरे भिंतीपुढे उभी राहतात आणि आपल्याच स्मरणशक्तीला दोष देत माघारी फिरतात. सत्तेचा खरा विजय तो हा. खोटे काय, कोणीही बोलतो. ऐकणाऱ्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडवणे, ही खरी हुकमत होय.

गोष्टीचा रोख स्टालिनच्या रशियावर होता आणि १९४४ साली रशिया हा ब्रिटनचा युद्धातला दोस्त. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. त्यांतल्या एकाने तर सरकारी अधिकाऱ्याच्या सल्ल्यानंतर अंग काढून घेतले. मित्राचे मन दुखावू नये, म्हणून सत्याने थोडे थांबावे, असा तो हिशेब. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक निघाले. १९५० च्या जानेवारीत ऑर्वेल वारला.

तोवर वारे फिरले होते. कालचा दोस्त आज शत्रू झाला होता. १९५१ मध्ये लंडनच्या जॉन हलास आणि जॉय बॅचलर या दांपत्याने या कथेवर कार्टून चित्रपट करावयास घेतला. १९५४ च्या डिसेंबरात तो न्यूयॉर्कला झळकला. पैसा आला लुई द रोशमाँ या अमेरिकन निर्मात्याच्या हातून. त्या हातामागे अमेरिकेचे सीआयए हे गुप्तहेर खाते होते, हे उघड व्हायला काही दशके जावी लागली. हलास दांपत्यालाही ते ठाऊक नव्हते, असेच मानले जाते.

पुस्तकाच्या शेवटी डुकरे आणि शेजारचे शेतकरी एका मेजावर बसतात आणि खिडकीतून पाहणाऱ्या जनावरांना डुक्कर कोणते नि माणूस कोणता, हे उमजेनासे होते. १९४३ च्या तेहरान परिषदेत स्टालिन, चर्चिल आणि रूझवेल्ट यांची जी मैत्री दिसली, तिच्यावरचा तो घाव होता. आरसा दोन्ही बाजूंना धरलेला होता. चित्रपटातल्या मेजवानीत माणूसच नाही! तेथे फक्त डुकरे आहेत, आणि जनावरे दुसऱ्यांदा उठाव करून त्यांचा निकाल लावतात.

कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात नको ते काहीतरी आपोआप येऊन बसते. कार्टूनमध्ये कोणीतरी काढल्यावाचून झाडाचे पानही हलत नाही. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सव्वा तासाच्या आतल्या या चित्रपटात लाखभर चौकटी झाल्या. त्यांतून माणूस गळाला, तो विसरल्यामुळे नव्हे. तो वगळला गेला.

यावर कोणी म्हणेल, यात बिघडले काय? जुलूम तो जुलूमच; लोकांना आशा दाखवली तर पाप कोणते? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोष्टीला नवा शेवट देण्याचा कलावंताला हक्क आहे. पण प्रश्न शेवट गोड की कडू हा नव्हेच. तो कोणाच्या सोयीने बदलला आणि प्रेक्षकाला ते कळू दिले काय, हा आहे.

द्रोणाचार्यांनी धर्मराजाच्याच शब्दावर विश्वास ठेवला, कारण तो खोटे बोलत नाही अशी त्याची ख्याती. त्या ख्यातीचेच शस्त्र झाले. पक्ष न्यायाचा होता, युद्धही जिंकले. पण भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला तो टेकलाच. व्यंगकाराचा रथही अशाच विश्वासावर चालतो, की हा कोणाचा भाट नाही. त्याची दौत कोणी भरली हे एकदा उघडकीस आले, की त्याने सांगितलेले खरेसुद्धा प्रचार म्हणून झटकून टाकता येते. स्टालिनचा जुलूम खरा होता. त्याचे बळीही खरे होते. त्या सत्याची बाजू मजबूत करायला निघालेल्यांनीच ती लंगडी केली.

शत्रू आपले सत्य पुसायला आला, तर आपण जागे असतो. आपलाच माणूस, आपल्याच भल्यासाठी, एखादे अक्षर बदलू लागला म्हणजे आपण दिवा मालवून देतो. मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा. तो पाहून झाल्यावर पुस्तकाचे शेवटचे पानही त्यांना वाचून दाखवावे, आणि मेजावरची माणसे कुठे गेली, हा प्रश्न त्यांच्यावर सोपवावा. उत्तर शोधताना त्यांना आपल्या घरच्या भिंतीही निरखाव्याशा वाटल्या, तर मोठ्यांनी रागावू नये.