कोरड्या वाफ्यांतील काठी

शास्त्रभाग : मत्तय ६ : २८–३०



आपल्या प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत लोकांस चिंतेविषयीं शिकवितांना रानांतील भूकमळांकडे बोट दाखविलें. हा शास्त्रभाग वैशाखांत वाचला म्हणजे आपणां खानदेशकरांच्या मनांत एक शंका उभी राहते. जळगांव-भुसावळाकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, धुळ्यास पांझरेचें पात्र आटतें, काळ्या रानास भेगा पडतात. अशा वेळीं आपण कोणत्या भूकमळांकडे पाहावें?

परंतु ज्या प्रांतांत प्रभूनें हें वचन सांगितलें, तेथेंही उन्हाळा कडक असतो. गालीलांत पाऊस हिवाळ्यांत पडतो, आणि त्या पावसावर माळरानें तांबड्या फुलांनीं भरून जातात. प्रभूच्या डोळ्यांसमोर अॅनिमोन नांवाचीं हींच फुलें असावीं, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. उन्हाळा लागतांच तीं करपतात. वाळलेलें गवत व काड्या त्या देशांतील स्त्रिया भाकर भाजण्यासाठीं जाळीत असत. म्हणूनच प्रभूच्या त्या वचनांत भट्टीचाही उल्लेख आला आहे. पण भट्टींत जातें तें जमिनीवरचें. त्या फुलाचा गड्डा कोरड्या मातीखालीं निजून राहतो, आणि पुढील पावसाबरोबर पुन्हां वर येतो.

आपल्या अंगणांतही अशीं कंदाचीं झाडें आहेत. मेक्सिको देशाकडची गुलछडी, जिला आपण निशिगंधही म्हणतों. एक सर पडून गेली कीं थोड्याच दिवसांत फुलणारी पावसाळी लिली. कुंपणावर चढणारी कळलावी. आणि आफ्रिकेंतून आलेली, तांबड्या चेंडूसारखें फूल देणारी फुटबॉल लिली. ह्या शेवटल्या झाडानें मला जें शिकविलें, तें आज सांगतों.

आमच्या मंडळींतील एका वृद्ध विधवा बहिणीनें मला ह्या लिलीचे तीन कंद दिले आणि तीन आपल्याजवळ ठेविले. पावसाळाभर दोघांचीं झाडें हिरवींगार होतीं. दिवाळीनंतर पानें पिवळीं पडून गळालीं. मला वाटलें, झाड मरत आहे. म्हणून मीं रोज संध्याकाळीं तांब्याभर पाणी घालूं लागलों. महिना गेला, दोन गेले, कांहीं दिसेना. मग धीर सुटला आणि मीं खुरप्यानें माती उकरली. तिन्ही कंद कुजून लगदा झाले होते.

त्या बहिणीचे कंद एका जुन्या डब्यांत, ओट्याच्या कोपऱ्यांत, सावलींत पडून होते. तिनें त्यांस पाण्याचा थेंब दिला नव्हता. फक्त उंदरांनीं नासूं नयेत म्हणून वर जाळी ठेविली होती, आणि डब्यांत एक काठी रोवली होती. काठी कशाला, असें मीं विचारिलें. ती म्हणाली, "साहेब, वर कांहीं दिसत नाहीं ना? मग कोणीतरी रिकामा डबा समजून माती फेकून देईल. काठी असली म्हणजे कळतें, इथें कोणी आहे."

त्याच आठवड्यांत आमच्या मंडळीच्या पंचांची बैठक होती. चार घरें दिवाळीपासून उपासनेस आलीं नव्हतीं, त्यांची वर्गणीही आली नव्हती. तीं घरें ऊसतोडीस गेलीं होतीं. धुळें-जळगांव जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबें दिवाळी झाली कीं अशींच कोयता घेऊन दूर जातात आणि आखाजीच्या सुमारास परततात, हें आपणांस ठाऊक आहे. तरी मीं सूचना मांडली होती कीं, त्यांचीं नांवें नोंदवहींतून कमी करावीं. कागद लिहून तयार होता. डब्यांतील ती काठी पाहून घरीं आलों आणि तो कागद फाडला.

बंधूंनो, मीं त्या कंदांस मारिलें तें निष्काळजीपणानें नव्हे, चिंतेनें मारिलें. प्रभु ज्या चिंतेविषयीं आपणांस सावध करितो, ती हीच. ती रोज पाणी ओतते, रोज उकरून पाहते, आणि पान दिसेना म्हणजे मेलें असें ठरविते. जो फुलांस पोशाख देतो, तो मातीखालींही काम करीत आहे, एवढाही विश्वास तिला ठेवितां येत नाहीं.

पण कोणी असें म्हणूं नये कीं, तर मग आपण हात जोडून स्वस्थ बसावें. ती बहीण स्वस्थ बसली नव्हती. तिनें सावली दिली, जाळी ठेविली, काठी रोवली. आणि ह्या झाडाचा खरा पोषणाचा काळ कोणता, तेंही तिला ठाऊक होतें. फूल गळून गेल्यावर जीं पानें येतात, तीं पावसाळाभर ऊन-पाणी घेऊन कंदांत अन्न सांठवितात. पुढील वर्षाचें फूल त्या सांठ्यांतून येतें. जो माळी फूल संपलें म्हणून हिरवीं पानें कापितो, तो पुढल्या वर्षीं रिकाम्या डब्याकडे पाहत बसतो.

उपदेशक बंधूंनो, आपलीं ऊसतोडीचीं घरें ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत गांवीं असतात. तोच त्यांचा पानांचा काळ होय. त्या महिन्यांत त्यांच्या मुलांस वाचावयास शिकवा, गीतें पाठ करून घ्या, वडीलधाऱ्यांस घरची प्रार्थना चालविण्यास तयार करा, म्हणजे उसाच्या फडावरील कोपींत तो सांठा सहा महिने पुरेल. तीं गेलीं म्हणजे दोषाच्या शब्दांनीं त्यांस भिजवूं नका. खुशालीचा निरोप पाठवा, आणि नांवाची काठी उपटूं नका.

ज्यांस अंगणांत हीं फुलें लावावयाचीं आहेत, त्यांनीं इतकें करावें. आपली काळी माती पाणी धरून ठेविते आणि त्यांत कंद कुजतो. म्हणून वीतभर उंच वाफा करून त्यांत नदीची वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. गुलछडीचे कंद चैत्र-वैशाखांत तीन-चार बोटें खोल लावावे, आणि कोंब येईपर्यंत पाणी बेतानें द्यावें. फुटबॉल लिलीची मान मातीच्या बरोबरीस ठेवावी व तिला दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा. पानें पिवळीं पडूं लागलीं कीं तिचें पाणी तोडावें. ह्या लिलीचा व कळलावीचा कंद विषारी आहे. कळलावीचा तर जीवघेणा. लेंकरें व गुरें जपावीं.

त्या वर्षीं आखाजी झाल्यावर एक वळवाची सर आली, आणि त्या बहिणीच्या डब्यांत काठीशेजारीं तीन तांबडे चेंडू उभे राहिले. चार घरांपैकीं तीन घरें ज्येष्ठांत उपासनेस आलीं. त्यांतील एका बापानें सांगितलें कीं, गाडी भरून दिल्यावर रात्रीं कोपींत तो लेंकरांस जवळ घेऊन प्रार्थना करीत असे. आमच्यापैकीं कोणी त्याची विचारपूस केली नव्हती. मान खालीं घालण्यावांचून मला उत्तर नव्हतें.

चौथें घर अद्याप आलेलें नाहीं. त्याचें नांव आमच्या नोंदवहींत आहे.

प्रियहो, आपल्या घरांतही एकादा वाफा कोरडा असेल: रुसून गेलेला पुत्र, प्रार्थना सोडलेला भाऊ, किंवा स्वतःचेंच थंड पडलेलें अंतःकरण. तेथें खुरपें घालूं नका. सावली करा, काठी रोवा, आणि ज्याच्या हातीं पाऊस आहे त्याची वाट पाहा. आमेन.