परतीचा वर

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक लोखंडी कपाट आहे. त्यातली थोरामोठ्यांची चरित्रे कोरी करकरीत राहतात, आणि ज्या पुस्तकांत चार मुले यानात बसून दुसऱ्या जगाला जातात त्यांची पाने मात्र सुटून हातात येतात. तेरा ते सोळा ह्या वयाला पृथ्वी अपुरी पडते, हे त्या कपाटाइतके स्पष्ट मला कोणी सांगितलेले नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला स्वतःचे आकाश दिले. ओसरीवर बसल्या बसल्या मराठी मुलांनी तेव्हापासून किती ग्रह पालथे घातले असतील, त्याची गणतीच नाही.

परंतु ही पुस्तके सर्वांनाच रुचतात असे नाही. "मास्तर, पोरांना आधीच घरात करमत नाही, त्यात तुम्ही त्यांना दुसरी जगे दाखवता," असे पालक म्हणतात. महाड-पोलादपूरच्या मुलखात हे बोलणे हसण्यावारी नेता येत नाही. इथे दुसरे जग म्हणजे मुंबई, आणि तिकडे जाणे ही पिढ्यानपिढ्यांची रीत. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांतून फिरलात, तर गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडणारी घरे मोजता मोजता बोटे संपतात.

तेव्हा प्रश्न असा आहे की, जाण्याची ओढ मुलांच्या मनात जागवणे हे बरे की वाईट? "ह्या नुसत्या कल्पना, त्यांनी काय होते?" असे म्हणून मला सुटता येईल. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. कल्पनेने काही होत नसते तर मी कादंबऱ्या कशाला लिहिल्या असत्या? माणूस आधी मनाने जातो, मग पायांनी.

आम्हा लेखकांच्या धंद्यातली एक लबाडी येथे सांगून टाकतो. असल्या कथेत पहिल्या प्रकरणातच आईची वासलात लावावी लागते. ती एक तर वारलेली असते, नाही तर गाढ झोपलेली. किंवा मुले दुसऱ्या जगात वर्षभर पराक्रम गाजवून येतात, तोवर घरी चुलीवरचे दूधही उतू गेलेले नसते! आई जागी असली तर यान अंगणातून हलायचे नाही, हे लेखकाला पक्के ठाऊक असते. म्हणून वाचकाला हा प्रवास फुकटात घडतो.

शास्त्र मात्र फुकट काही देत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तरी एवढा हिशेब मलाही करता येतो. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. त्या वेगाने तेवढे अंतर कापायला जवळजवळ पाऊण लाख वर्षे लागतील. म्हणून काही कथाकार पिढ्यानपिढ्या चालणारे जहाज कल्पितात. आजोबांनी निघायचे आणि कुठल्या तरी दूरच्या वंशजाने पोहोचायचे. मधल्यांनी वाटेतच जन्मावे आणि वाटेतच मरावे. त्यांना कोणी विचारलेले नसते.

हे वाचताना मला परळ-लालबागच्या चाळीत जन्मलेला पोलादपूरचा नातू आठवतो. गाव सोडायचे आजोबांनी ठरवले, जमाखर्च नातवाच्या वहीत पडला. जाणारा कधी एकटा जात नाही. अजून न जन्मलेल्यांनाही तो बरोबर नेतो, आणि मागे राहिलेल्यांच्या आयुष्याचा एक तुकडाही. हे ऋणच आहे.

मग घरी बसणे हेच पुण्य म्हणायचे काय? येथे मला कठोपनिषदातला नचिकेता आठवतो. दुसऱ्या जगाला गेलेला आपल्याकडचा हा फार जुना कुमार. बाप रागाच्या भरात म्हणाला, तुला मृत्यूला दिला. आणि पोरगा खरोखरीच निघाला. यमाच्या दारी तो तीन रात्री उपाशी राहिला. पाहुणा उपाशी राहिला म्हणून यमाने त्याला तीन वर दिले. तिसऱ्या वराने त्याने मरणाचे गूढ विचारले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पहिला वर आपण विसरतो. वडिलांचा राग निवावा आणि मी परत गेलो म्हणजे त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावे, एवढेच त्याने आधी मागितले. ज्ञानाची पाळी नंतर आली. दुसरे जग पाहून आलेला मुलगा पहिल्यासारखा राहत नाही, तेव्हा घर आपल्याला ओळखील ना, ही धास्ती त्या पोराला होती.

ती धास्ती खोटी नव्हती. १९१३ साली बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. परदेशच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर एवढ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. घराने परतलेल्याला ओळखले नाही! तरी त्यांनी ह्या घराकडे पाठ फिरवली नाही. २० मार्च १९२७ रोजी आमच्या महाडात हजारोंसह चवदार तळ्यावर चालत जाऊन त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचाच. पण काठापर्यंतची ती थोडीशी वाट समुद्रापारच्या प्रवासाहून लांब ठरली. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. दुसऱ्या जगातून काय आणावे, असे कोणी विचारले तर मी तळ्याकडे बोट दाखवतो. इथेही निराळे होऊ शकते, ही खात्री आणावी.

नारळीकरही १९५७ साली, विशी पुरी होण्याआधी, केंब्रिजला गेले आणि १९७२ साली मायदेशी परतले. दोन वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप ह्या नावाने. विश्वाचे गणित इंग्रजीत मांडणारा माणूस ते मराठीत गोष्टीरूपाने सांगू लागला, हेही परतणेच होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या पुस्तकांची पाने आमच्याकडे अजून सुटत आहेत.

तरी प्रत्येकाने देहाने परतावे असे मी म्हणणार नाही. पोटासाठी गेलेल्याला "परत ये" म्हणणे सोपे, त्याला इथे काम देणे कठीण. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि तळियेवर दरड कोसळली, तेव्हा दूर गेलेली माणसे चिखल उपसायला धावून आली आणि पुन्हा आपापल्या कामावर गेली. ती परतली नाहीत असे कोण म्हणेल?

आणि घरी राहिलेल्यांचे काय? पहिला वर यमाने दिला खरा, पण तो पाळायचा होता बापाला. जाणाऱ्याने परतीची वाट ध्यानात ठेवावी, हे झाले अर्धे. राहणाऱ्याने परतलेल्याला ओळखावे, हे उरलेले अर्धे. मुलगी शहरातून चार नवे विचार घेऊन येते, आणि पहिल्याच पंगतीला आपण तिला "तू फार बदललीस गं" म्हणून ऐकवतो. मग पुढच्या वर्षी तिने कशासाठी यावे?

तेव्हा पालकहो, ती पुस्तके मी मुलांना देत राहणार. पुस्तक वाचून संपले म्हणजे "अभ्यास कधी करणार?" असे विचारण्याआधी "तिथे काय काय पाहिलेस?" एवढे विचारा. यंदाच्या दिवाळीला घरी कोणी लांबून आले असेल, तर फराळाचे ताट पुढे करताना त्यालाही हेच विचारा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.