घेण्याचे माप आणि देण्याचे माप

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची वेळ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या औरंगाबादच्या, जालना रोडवर वाहनांची रांग लागली आहे. मगरीबच्या नमाजपूर्वी घरी पोहोचावे म्हणून तुम्ही घाईत आहात. आकाशवाणी चौकाच्या सिग्नलवर पुढची रिक्षा थांबते, तुमचा ब्रेक क्षणभर उशिरा लागतो आणि गाडीचा डावा कोपरा रिक्षावर आदळतो. अल्लाहच्या कृपेने कोणालाही इजा होत नाही. तुमचा बंपर तडकतो, हेडलाइट फुटतो. रिक्षाचा मागचा दिवा फुटतो, पत्रा दबतो. दोन शब्द होतात, मागून हॉर्न वाजू लागतात आणि जो तो आपल्या वाटेने जातो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गॅरेजमध्ये जाता. कारागीर गाडीभोवती एक फेरी मारतो. डाव्या दरवाज्यावर एक पोचा आहे. तो कालचा नाही. दोन वर्षांपूर्वी घराच्या फाटकाला गाडी घासली तेव्हाचा आहे. कारागीर सहज म्हणतो, "साहेब, क्लेम करतच आहात, तर दरवाजाही त्यातच घालून टाकू. सर्व्हेअरचे मी पाहतो." आणि दाव्याचा अर्ज तुमच्यापुढे सही करण्यासाठी येतो.

या सहीला आपण फार हलके समजतो. त्या अर्जात अपघाताची तारीख, वेळ, जागा, चालकाचे नाव, परवान्याचा क्रमांक आणि घटनेची हकीकत लिहायची असते. वर लिहिलेले सर्व खरे आहे, असे शेवटी तुम्ही जाहीर करता. हा केवळ कागद नाही, ही साक्ष आहे. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून गाडी ठोकली गेली आणि चालक म्हणून वडिलांचे नाव लिहिले, तर तीही खोटी साक्षच ठरते. ज्या धर्मात खोटी साक्ष महापापांमध्ये गणली जाते, त्या धर्माच्या अनुयायाने तिथे लेखणी थांबवून विचार करायला हवा.

मोह का होतो, तेही प्रामाणिकपणे पाहू. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या सुट्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी कापली जाते. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात किमान 1000 रुपये मालकाने स्वतः सोसायचे असतात. शिवाय दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जी पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि सलग पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत जाते, ती एका दाव्यासरशी जाते. म्हणून मन म्हणते, सवलत जाणारच आहे, निम्मे पैसे कापले जाणारच आहेत, मग जुना दरवाजाही का करून घेऊ नये? पण ही कपात आणि ही अट करारातच लिहिलेली आहे. ती मान्य करूनच आपण पॉलिसी घेतली. अट जड वाटली म्हणून हकीकत बदलण्याचा अधिकार मिळत नाही.

दुसरी सबब अशी की कंपनी मोठी आहे, तिचे काय जाते? कंपनीकडील पैसा हा हजारो लोकांनी भरलेल्या हप्त्यांचा असतो. खोट्या दाव्यांचा बोजा शेवटी त्यांच्याच पुढच्या हप्त्यांवर पडतो, आणि त्यात तुमचा शेजारीही आला.

तिसरी सबब अधिक धार्मिक रूप घेऊन येते. विमाच शंकास्पद आहे, मग त्यातील प्रामाणिकपणाचे एवढे काय? विम्याविषयी विद्वानांमध्ये चर्चा झाली आहे हे खरे. डिसेंबर 1985 मध्ये जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याला पर्याय म्हणून मान्यता दिली. आपल्या देशात मात्र 1988 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीचा विमा ऐच्छिक आहे. तो घ्यावा की नाही, दाव्यातून किती रक्कम स्वीकारावी, हे आपल्या विश्वासातील आलिमांना अवश्य विचारा. पण करार शंकास्पद असल्याने खोटे बोलणे हलाल होते, असे कोणत्या आलिमाने सांगितले आहे? मक्केच्या लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हत्येचा कट रचला होता. तरीही मक्का सोडताना त्यांनी त्याच लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. समोरचा कोण आहे यावर अमानत अवलंबून नसते.

चौथी सबब सर्वांत फसवी आहे: सर्व्हेअरने पाहिले, मंजूर केले, आता आपली जबाबदारी संपली. इथे हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आठवावी. प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की मी माणूस आहे, तुम्ही तंटे घेऊन येता, एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडतो आणि मी ऐकलेल्यावरून निर्णय देतो. पण अशा निर्णयाने कोणाच्या पदरात दुसऱ्याचा हक्क पडला, तर त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे. विचार करा, खुद्द प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही दुसऱ्याचा हक्क आपला होत नाही. मग सर्व्हेअरच्या शेऱ्याने कसा होईल? त्याला पोचा दिसतो, पोच्याची तारीख दिसत नाही. ती तुम्हाला ठाऊक आहे आणि अल्लाहला ठाऊक आहे.

आता त्या रिक्षाकडे वळू, कारण या साऱ्या हिशेबात तिचा विसर पडला. तुमची गाडी आठ-दहा दिवसांत चकाचक होऊन येईल. तुमच्या विम्यातून त्रयस्थाच्या मालमत्तेचे साडेसात लाख रुपयांपर्यंतचे नुकसान भरून मिळू शकते, परंतु त्यासाठी रिक्षावाल्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागेल. एका दिव्यासाठी आणि दबलेल्या पत्र्यासाठी तो जाणार नाही. प्रत्येक तारखेला त्याची दिवसाची कमाई बुडेल. म्हणजे चूक ज्याची, त्याची गाडी दुरुस्त. आणि ज्याचे नुकसान झाले, तो तसाच.

एकदा प्रेषितांच्या (स.) घरात एका पत्नींच्या हातून दुसऱ्या पत्नींनी पाठवलेले अन्नाचे भांडे फुटले. प्रेषितांनी (स.) रागावून कोणाला लज्जित केले नाही. स्वतः तुकडे गोळा केले, मग फोडणाऱ्या घरातील अखंड भांडे दुसऱ्या घरी पाठवले आणि फुटके याच घरात ठेवले. भरपाईचा संपूर्ण नियम या छोट्या घटनेत आहे. भांड्याच्या बदल्यात भांडे. त्याहून कमी नाही, त्याहून जास्तही नाही. आपण मात्र उलट करतो. अखंड भांडे स्वतःकडे ठेवतो, फुटके दुसऱ्याच्या घरी सोडतो, आणि वर एक जुने फुटकेही नवे करून मागतो.

कुरआनच्या 83 व्या सूरहचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे: घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे. आपल्याला वाटते, हा इशारा धान्याच्या व्यापाऱ्यांना आहे. पण दाव्याच्या अर्जात जुना दरवाजा लिहिणे हे घेण्याचे माप वाढवणे आहे आणि रिक्षावाल्याला सिग्नलवर सोडून येणे हे देण्याचे माप घटवणे आहे.

म्हणून वाचकहो, असा प्रसंग आला तर प्रथम गाडी बाजूला घ्या, समोरच्याचा फोन क्रमांक घ्या आणि स्वतःचा द्या. त्याच्या दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेली कमाई विचारा आणि ती द्या. गॅरेजमध्ये कारागिराला सांगा की दरवाज्याचे वेगळे बिल करा. ते काही हजार रुपये तुमच्या खिशातून जातील, आणि महिन्याच्या अखेरीस ते जाणवतीलही. प्रामाणिकपणा फुकट मिळतो असे इस्लामने कधीच सांगितलेले नाही. दरवाजा दुरुस्त करणे परवडत नसेल तर तो पोचा तसाच राहू द्या. पोचा असलेल्या गाडीतूनही मशिदीपर्यंत जाता येते.

अल्लाह आपल्या सर्वांना घेताना आणि देताना एकच माप वापरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.