हवा चाकातली

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या त्या फोटोंबद्दल या आठवड्यात इतकं बोलून झालं आहे की पुन्हा वर्णन करत बसत नाही. तेरड्यात आडवी टाकलेली सायकल, शेजारी पोपटी जर्सीतले तिचे मालक आणि खाली ‘फुलांच्या गालिच्यावर’ ही ओळ. दर सप्टेंबरात कासवरची सायकल बदलते, ओळ बदलत नाही. या ‘गालिचा’ शब्दाशी माझं जुनं वैर आहे. वर्तमानपत्रांनीच तो इतकी वर्षं छापला की लोकांना तो खरा वाटू लागला. आता गालिचा म्हटल्यावर माणूस त्यावर पाय ठेवणार नाही तर काय करणार? पण सायकलीपेक्षा मला जास्त टोचला तो नंतरचा खुलासा. ‘चुकलो’ नाही, ‘माहीत नव्हतं’ नाही. खुलासा असा की आम्ही सायकलवर आलो होतो आणि सायकलला धूर नसतो.

नसतो, मान्य. बैलगाडीलाही नसतो. हत्तीलाही नसतो. रोड रोलर बॅटरीवर चालवला तर त्यालाही नसेल. धूर नाही एवढ्यावर जर फुलांत शिरायचा परवाना मिळत असेल तर वनखात्याने फाटकावर पीयूसीवाला बसवावा आणि तिकीटखिडकी बंद करावी. मुळात या खुलाशात एक हिशेब दडलेला आहे आणि तो करणाऱ्याला स्वतःलाही दिसत नाही. पुण्याहून एकशे दहा किलोमीटर पायडल मारत यायचं, वर यवतेश्वरचा घाट चढायचा. एवढा घाम गाळल्यावर आपल्या खात्यात काहीतरी जमा झालं असं वाटतं, आणि जमा झालं की खर्चाचा हक्क आलाच. एकादशी अन् दुप्पट खाशी. बरं, जमा किती झालं तेही पाहू. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार घरी ठेवली तर येऊन-जाऊन पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल वाचलं. चांगलंच झालं. पण पंधरा लिटरला वायतुरे किती येतात? सीतेची आसवं काय भावाने? वाचलेला धूर साऱ्या पृथ्वीच्या हवेतून वजा होतो आणि त्यात कुठे दिसतही नाही. वायतुरा मात्र सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवरच्या उथळ डबक्यांत उगवतो, दुसरीकडे कुठेही नाही. ही दोन खाती एका वहीत मांडताच येत नाहीत. मांडली तर तो हिशेब नाही, पुण्याची सावकारी आहे.

आणि धुराचं सोडा, वजनाचं बोलू. सायकल हलकी म्हणून तिचा जमिनीला भार नाही, असं गृहीत धरलं जातं. कोणत्याही पंक्चरवाल्याला विचारा: मोटारीच्या चाकात हवा किती? तीस ते पस्तीस पौंड. लांब पल्ल्याच्या सायकलीत? पन्नास, साठ, सत्तर. रेसच्या बारीक टायरमध्ये नव्वदच्या पुढे. हे पौंड दर चौरस इंचाचे असतात, आणि कठीण जमिनीवर टायर जेवढ्या हवेने फुगलेला असतो साधारण तेवढ्याच दाबाने तो खालच्या जागेवर टेकतो. म्हणजे ज्या इंचावर सायकलीचं चाक उभं आहे त्या इंचाला मोटारीच्या चाकापेक्षा जास्त सोसावं लागतं. मोटार एकूण जास्त जागा चिरडते, प्रश्नच नाही. पण सायकलीचं चाक पट्टीने ओढावी तशी अखंड रेघ ओढत जातं, आणि पावसाळ्यात अशा रेघेतून पाणी वाट काढतं. कासच्या जांभ्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नाही. तीही इतकी निकस की दवबिंदू आणि सीतेची आसवं या झाडांना किडे खाऊन पोट भरावं लागतं. ज्या जमिनीवर वनस्पतींना शिकार करायची वेळ येते तिथे माती फुकट मिळत नसते, एवढं कळायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. त्यातून पठारावरच्या पुष्कळ वनस्पती वर्षायू. पाऊस सुरू झाला की उगवायचं, थांबण्याआधी बी टाकायचं आणि संपायचं. फोटोसाठी सप्टेंबरात आडवं केलेलं तेरड्याचं झाड हे त्या वर्षीचं फूल नसतं नुसतं, पुढच्या वर्षीचं बियाणंही असतं.

यावर अभ्यासू सायकलस्वारांकडे एक उत्तर असतं आणि ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. कॅनडातल्या ओन्टारिओमध्ये एका जंगलात माणसं चालवून आणि सायकली चालवून तुलना केली गेली होती. ती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच जागेवरून पाचशे फेऱ्यांपर्यंत. निष्कर्ष असा की झाडोरा आणि माती यांवर सायकलीचा आणि बुटांचा परिणाम जवळपास सारखाच. हे संशोधन सायकलवाले प्रशस्तिपत्रकासारखं दाखवतात. मी ते मान्य करतो, आनंदाने करतो, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. सायकल बुटाइतकीच वाईट असेल, तर जिथे बुटाला बंदी तिथे सायकलला मुभा कुठून आली? त्या फोटोतल्या मंडळींनी ‘आम्ही बूट घालून फुलांत शिरलो, पण बुटाला धूर नसतो’ असं म्हणून पाहावं, आपलं आपल्यालाच ऐकवणार नाही. वर फरक हा की चालणारा दमतो. सायकलस्वार त्याच वेळात चौपट आत जातो आणि जिथवर गेला तिथवरचा माग मोबाइलवर चढवून मागच्या पन्नास जणांना वाट दाखवतो. पायवाटा पूर्वी गुरं पाडायची, आता उपग्रह पाडतात.

मग सायकलींनी राखीव क्षेत्रात जायचंच नाही का? असा प्रश्न लगेच येतो, तोही दुखावलेल्या सुरात. जावं ना. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात लोक दुसरं काय करतात? तळी, पाइनची जंगलं आणि ऑगस्टात जांभळी होणारी हीदरची माळरानं, हे सगळं तिथे शेजारी शेजारी आहे आणि सगळ्यातून सायकलचा रस्ता जातो. 2016 मध्ये गेंकजवळच्या एका तळ्यातून 212 मीटरचा मार्ग काढला. रुंदी तीन मीटर, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, आणि पाणी सायकलस्वाराच्या जवळपास डोळ्यांच्या पातळीवर. बदक शेजारून जातं ते नजरेला नजर देऊन. 2019 मध्ये जंगलात पोलादी खांबांवर 700 मीटरचा गोल मार्ग उभारला, तो चढत चढत जमिनीपासून दहा मीटरवर जातो, खोडांच्या मधून. 2021 मध्ये होखे केम्पन राष्ट्रीय उद्यानाच्या माळावर लाकडी पूल झाला. तिन्ही ठिकाणी सायकल अगदी आत जाते आणि तिन्ही ठिकाणी तिला बाजूला उतरायला जागाच नाही. त्याआधीची युक्ती मला जास्त आवडते, कारण ती स्वस्त आहे. ह्यूगो बोलन नावाच्या लिम्बुर्गच्या खाण अभियंत्याने खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना क्रमांक असतात तसे सायकलवाटांच्या फाट्यांना क्रमांक द्यायचं सुचवलं. 1995 मध्ये ते जाळं सुरू झालं. पंचेचाळीसवरून सेहेचाळीस, तिथून डावीकडे एकोणीस, एवढंच कागदावर टिपायचं आणि निघायचं. ज्याला पुढचा आकडा गाठायचा असतो तो मधेच झुडपांत शिरत नाही.

इथे कोणी म्हणेल, तळ्यात काँक्रीट ओतणाऱ्यांचं कौतुक करता आणि चार फुलं चेपली तर रागावता? आक्षेप वजनदार आहे. तळ्यात भिंत घातली म्हणजे तिथलं काहीतरी मेलंच असणार, आणि तो मार्ग पर्यटक यावेत, फोटो निघावेत म्हणूनच बांधला, यात शंका नाही. बेल्जियन माणूसही पोपटी जर्सी घालतोच. पण त्याने नुकसान एकदा ठरवून केलं, तीन मीटर रुंदीचं केलं, आणि बाकीचं तळं सोडून दिलं. आपल्याकडे नुकसान कोणीच ठरवत नाही. ते दर रविवारी आपोआप होतं आणि प्रत्येकाचा वाटा इतका लहान असतो की कोणाच्याच नावावर चढत नाही. हे लिहितानाच भीती वाटते की उद्या कोणी उत्साही पुढारी कासवर काचेचा पूल जाहीर करेल. तसं झालं तर हा परिच्छेद मी मागे घेतो.

उरलेल्या सबबी किरकोळ आहेत. ‘गुरं चरतातच की’: चरतात, आणि चराई थांबली की गवत माजतं आणि फुलं मागे हटतात, असं त्या पठाराचा अभ्यास करणारे सांगत आले आहेत. कुंपण असावं की नसावं यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला तो यामुळेच. म्हणजे म्हशीचं तिथे काम आहे. तुमचं काय? ‘गाड्यावाले जास्त घाण करतात’: करतात, त्यांच्यावर पुढच्या वेळी. ‘पैसे भरलेत’: वनसमितीतल्या आसपासच्या गावांना ते मिळतात, त्यातून पहारेकऱ्याचा पगार निघतो, आणि तो पहारेकरी शिट्टी फुंकून फुंकून तुम्हालाच बाहेर बोलावत असतो.

नियमाबद्दल फार ताणून बोलायचा माझा स्वभाव नाही. डांबरी रस्ता कास तलावावरून पुढे बामणोलीपर्यंत, कोयनेच्या पाण्यापर्यंत जातो. तिथवर सायकल दामटावी. फुलांजवळ ती काठाला उभी करावी, उतरावं, आखलेल्या वाटेने चालावं, गुडघे टेकून बघावं. दवबिंदूचं झाड बोटाच्या पेराएवढं असतं. ते सायकलवरून दिसतच नाही, त्यामुळे चाकाखाली गेलं तरी कळत नाही. आणि इतकं करूनही कोणी आत शिरलाच तर शिरला. दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घातलेल्या पठारावर एखादा पोपटी ठिपका जास्त झाला म्हणून मी काही सातारा गाठणार नाही. फक्त फोटोखाली ‘गालिचा’ लिहू नका आणि ‘निसर्गप्रेमी’ तर मुळीच लिहू नका. सायकलप्रेमी लिहा. ते खरं आहे, आणि तिला खरचटलेलं तुम्हाला लगेच दिसतं.