दुसऱ्यांदा घेतलेले गाणे

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने निघून खाडीवरील पूल ओलांडला, की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. शेती आणि खाडी यांच्या या परिसरात गोदामे का उभी राहिली, याचे उत्तर सोपे आहे. मुंबई हाकेच्या अंतरावर होती आणि मुंबईची जकात मात्र हद्दीपलीकडे. २०१७ साली जकात गेली. गोदामे राहिली, वाढलीही. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातून आज महानगराच्या घराघरांत खोकी जातात. कपडे, भांडी, पंखे, पुस्तके यांच्या त्या गर्दीत एखाद्या खोक्यात जुनी गाणीही असतील. वाचकहो, आज आम्हांला त्या खोक्याविषयी बोलावयाचे आहे.

त्याच २०१७ साली 'सारेगामा' कंपनीने, म्हणजे कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्रामुळे आपल्या घरांना ठाऊक असलेल्या जुन्या ग्रामोफोन कंपनीने, 'कारवाँ' नावाची पेटी बाजारात आणली. दिसावयास जुन्या ट्रान्झिस्टरसारखी, आत पाच हजार गाणी, किंमत सहा हजारांच्या घरात. साठी उलटलेल्या मंडळींनी ती आनंदाने घेतली, किंवा मुलांनी त्यांना ती भेट दिली. आमचे एक स्नेही या बाबतीतला आपला हिशेब सांगतात. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्या मनात भरलेले एक गाणे त्यांनी प्रथम तबकडीवर घेतले, मग कॅसेटवर, मग सीडीवर, आणि आता या पेटीत. एका गाण्याचे चार वेळा पैसे! त्यांच्या नातवाचा प्रश्न तर अधिकच रोकडा आहे: "आजोबा, मोबाइलवर हे फुकट ऐकू येते, मग विकत कशाला घेतलेत?"

व्यापाराच्या दृष्टीने याचे उत्तर देता येते. पाणी तेच, भांडे बदलले. लाखेच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, १९८२ मध्ये सीडी आली, आणि प्रत्येक वेळी घरातले आधीचे यंत्र अडगळीत गेले. मानसशास्त्रज्ञही काही सांगतात. माणसाच्या आठवणींचा दाट साठा दहा ते तीस या वयातला असतो, म्हणून त्या वयातले गाणे कायमचे चिकटते. हे सारे खरे असेल. पण एखादी गोष्ट का घडते हे कळले, म्हणजे ती योग्य की अयोग्य हे ठरत नाही. नातवाच्या प्रश्नातली खोच तशीच उरते.

या प्रश्नाशी ज्याने फार पूर्वी झोंबी घेतली तो संत ऑगस्तिन होय. ३८७ साली मिलान येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवसांत तेथील ख्रिस्तमंदिरातील गायन ऐकून त्याचे डोळे वाहत असत. पुढे दहा-बारा वर्षांनी, बिशप झाल्यावर, आपल्या आत्मनिवेदनात तो स्वतःची उलटतपासणी घेतो. गायिलेल्या आशयापेक्षा गाण्याचा गोडवाच आपल्याला अधिक हलवतो तेव्हा आपले चुकते, असे तो मानतो. मग गायन बंदच करावे काय? येथे तो अडखळतो. त्याला ते जुने अश्रू आठवतात आणि तो गायनाच्या बाजूने कौल देतो. या एवढ्या कठोर परीक्षकालाही आपल्या उमेदीच्या दिवसांतील गाण्यांची साक्ष काढावी लागली, याची आम्हांला मोठी मौज वाटते.

त्याचाच प्रश्न आपल्या पेटीला लावून पाहू. डोळे मिटून ऐकणाऱ्या आजोबांना हलवते ते गाणे, की गाण्याच्या आडोशाला उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा? पुष्कळदा तो मुलगाच, असे आम्हांला वाटते. आपल्या कितीतरी घरांत नाताळ जवळ आला की जिम रीव्हजचा तो मऊ, सावकाश आवाज लागतो. त्याचा नाताळगीतांचा संग्रह १९६३ सालचा. १९६४ च्या जुलैत विमान कोसळून तो गेला तेव्हा तो अवघा चाळीस वर्षांचा होता. त्याच्यानंतर साठ नाताळ होऊन गेले. त्याचा आवाज चाळिशीतच राहिला. ऐकणारा म्हातारा होतो आणि तेवढ्या मिनिटांपुरता म्हातारा होण्याचे नाकारतो. यात पाप नाही. पण यात केवळ स्वतःचेच मुखदर्शन असेल, तर सहा हजार रुपयांना आपण एक आरसा घेतला एवढेच.

तरीही दुसऱ्यांदा ऐकण्यात एक गोष्ट अशी आहे, जी पहिल्यांदा ऐकण्यात नव्हती. सोळाव्या वर्षी आपण चाल ऐकतो, शब्द ऐकतो, नटनटीचे चेहरे आठवतो. साठीत कानांना सवड असते. आता गाण्याच्या मागे वाहणारी व्हायोलिने ऐकू येतात, दोन कडव्यांमध्ये सुस्कारा टाकणारा ट्रम्पेट ऐकू येतो. मग सहज मनात येते, हे वाजवले कोणी?

याचे उत्तर आपल्या समाजाच्या फार जवळचे आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांची वाद्यरचना केली. ज्या सुरावटी आपण संगीतकाराच्या नावाने मनात जपल्या, त्यांना भरीव देह देणारे हात बहुधा असे असत. तबकडीवर चित्रपटाचे नाव असे, गायकाचे असे, संगीतकाराचे असे. या हातांचे क्वचितच. त्यांना ध्वनिमुद्रणाची बिदागी मिळे, की झाले काम. गाणे पुढे कितीही वेळा विकले जावो.

म्हणून चार वेळा मोजलेल्या पैशांचा हिशेब आम्हांला नातवापेक्षा वेगळा मांडावासा वाटतो. पैसे चार वेळा गेले, हे दुःख नव्हे. ते कोठवर पोचले, हा प्रश्न आहे. २०१२ साली स्वामित्व हक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातील गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असे ठरले. उशिरा झाले, पण बरे झाले. मागच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवणाऱ्याचे देणे मात्र कोणत्या खात्यात जमा करावयाचे? श्रमिकाच्या न्याय्य वेतनाविषयी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकापासून आपण ऐकत आलो आहोत. ते गिरणी आणि शेत यांच्यापुरतेच आहे, असे आपण उगाच धरून चालतो. आपल्या यौवनातील सगळ्यांत सुंदर तीन मिनिटे ही देखील कोणाची तरी मजुरी होती.

पैशाने हे देणे आता फिटणार नाही. ते वादक बहुतेक गेले. पण ओळख देता येते. आजोबांनी नातवाला जवळ बसवून 'हे ऐक, हा ट्रम्पेट बघ' असे म्हटले, तर फुकट मिळणाऱ्या गाण्यात आणि विकत घेतलेल्या गाण्यात काय फरक आहे, तो त्या मुलाला थोडासा कळेल. अर्थात आजोबांना तो आधी कळावयास हवा!

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' चित्रपट आला आणि त्यातील अँथनीचे गाणे शाळकरी पोरांपासून लग्नाच्या बँडपर्यंत साऱ्यांच्या तोंडी झाले. त्या गाण्यात ज्याचे नाव पुन्हा पुन्हा घेतले जाते तो अँथनी गोन्साल्विस कोणा लेखकाच्या कल्पनेतला नव्हता. गोव्यातील माजोर्ड्याचा तो व्हायोलिनवादक आणि वाद्यरचनाकार. १९५८ साली त्याने मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर बेतलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या होत्या. संगीतकार प्यारेलाल हे त्याचे शिष्य, आणि गुरूचे नाव त्यांनीच गाण्यात गोवले. पुढे तो अमेरिकेस गेला, परतला, आणि आपल्या गावी निवांत राहिला. देशभर त्याचे नाव गात नाचणाऱ्यांपैकी किती थोड्यांना ठाऊक होते, की या नावाचा माणूस माजोर्ड्यात राहतो आहे. २०१२ च्या जानेवारीत तो वारला.