न पाहिलेलें ‘दिसलें’ म्हणावें काय?

वाचकहो, धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या खेडेगांवची माध्यमिक शाळा डोळ्यांपुढें आणा. आठवीचा वर्ग, धडा पेशींचा. सूक्ष्मदर्शक यंत्र एकच, आणि त्याचें भिंग बुरशीनें आंधळें झालेलें. गुरुजी कांद्याच्या पापुद्र्यांतील पेशी फळ्यावर काढतात, मुलें ती आकृति प्रयोगवहींत उतरून घेतात, व खालीं निरीक्षण लिहितात, ‘विटांप्रमाणें रचलेल्या पेशी दिसल्या.’ गुरुजी सही करतात. ह्यांत कोणाचें काय बिघडलें?

कोणी म्हणेल, पेशी खरोखरच तशा असतात; मग असत्य कोठें आलें? परंतु पेशींविषयींचें विधान खरें असलें, तरी मुलाचें स्वतःविषयींचें विधान खरें नाहीं. ‘पेशी अशा असतात’ हें पुस्तकाचें सांगणें होय. ‘मला दिसल्या’ ही साक्ष होय, आणि तीवर गुरूची सही आहे. तेरा वर्षांच्या मुलास ही गोष्ट क्षुल्लक वाटूं लागते, हेंच तिचें वाईट.

गुरुजींस दोष देणें सोपें आहे. हा जिल्हा अवर्षणाचा. 2018 सालीं सरकारनें त्याची गणना देशांतील आकांक्षित जिल्ह्यांत केली. यंत्र नसणें हा गुरुजींचा अपराध नव्हे. परंतु यंत्राची उणीव झांकण्याकरितां मुलाच्या तोंडीं खोटी साक्ष घालणें, ही निवड त्यांची आहे.

आणि पाहावयास खरोखर कांहींच नाहीं काय? पावसाळ्यांत शाळेच्या कुंपणापलीकडे सोयाबीन उभें असतें. पेरणीनंतर सुमारें दीड महिन्यानें एक रोप, धन्यास विचारून, खुरप्यानें मातीसकट काढावें. ओढून उपटल्यास गांठी मातींतच राहतात. मुळें पाण्यांत हलकेच धुवावीं. त्यांवरील एक गांठ नखानें चिरली, कीं आंत तांबूस रंग दिसतो. तो आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा आहे. गांठींत रायझोबियम नांवाचे जीवाणु राहून हवेंतील नत्र झाडास देतात, व झाड त्यांस अन्न पुरवितें. रंग तांबूस असेल तर काम चालू आहे. एखाद्या मुलास गांठ हिरवट आढळली, तर त्यानें हिरवट असेंच लिहावें, व गुरुजींनीं तें खोडूं नये. जीवाणु मात्र कोणासही दिसले नाहींत. तेथें ‘वाचलें’ असें लिहावें.

सतराव्या शतकांत डेल्फ्ट शहरच्या लेव्हेनहूक नामक कापडव्यापाऱ्यानें स्वतः घांसलेल्या एका भिंगांतून पाण्यांतील सूक्ष्म जीव पाहिले. 2014 सालीं मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कागदाच्या घडीचें सूक्ष्मदर्शक जगापुढें मांडलें. त्याच्या सामानाचा खर्च एका डॉलरहून कमी. अशी साधनें अवश्य घ्यावीं. पण तीं पाहून शाळाचालकांनीं प्रयोगशाळेचा खर्च टाळूं नये!

राहिला गुणांचा प्रश्न. ‘यंत्र नसल्यामुळें दिसलें नाहीं’ ह्या ओळीबद्दल परीक्षकानें गुण कापले तर? तर तें भांडण गुरुजींनीं परीक्षकाशीं करावें. मुलाच्या वहींत तें मिटवूं नये.