पहिले पिस्तूल

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र मध्यंतरी आले. त्याची सतरा वर्षांची मुलगी काही महिन्यांपासून नेमबाजी शिकत असून तिला आता स्वतःचे पिस्तूल हवे आहे. लहान नळीचे आणि केवळ निशाण साधण्याच्या अभ्यासापुरते. बापाची हरकत नाही. परंतु मुलीच्या आजीने 'ती वस्तू या घरात येणार नाही' असे निक्षून सांगितले आहे. 'पिस्तूल कोणते घ्यावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. सर, आईला काय उत्तर द्यावे ते आपण सांगावे,' असा पत्राचा शेवट होता. ज्याने आयुष्यभर तर्क आणि नीती हे विषय शिकविले, त्याला असले प्रश्न चुकत नाहीत. तथापि विचार करता करता माझ्या ध्यानात आले, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. पहिल्याचे उत्तर नीट दिले, तर दुसऱ्याचेही त्यातच येऊन जाते.

आजीबाईंचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यावर सामान्यतः असे म्हटले जाते, की शस्त्र हे जड आहे, दोष असेल तर तो माणसाचा. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही. हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. सुरी भाजीसाठी जन्मली आणि क्वचित गळ्यावर फिरली. पिस्तुलाचे मूळ प्रयोजनच माणसावर चालणे हे होते. 30 जानेवारी 1948 ची संध्याकाळ ज्या मराठी समाजाच्या स्मृतीत काट्यासारखी रुतून राहिली आहे, त्याला हे कोणी शिकवावयास नको. 'पण हे तर लहान व्यासाचे!' असे म्हणावे, तर 1968 च्या जून महिन्यात लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांचे प्राण घेणारे रिव्हॉल्व्हर अशाच लहान, पॉइंट बावीस व्यासाचे होते. नळीचा व्यास साडेपाच मिलिमीटरच्या आसपास आणि गोळीचे वजन अवघे अडीच ग्रॅम. परंतु ती गोळी दीड किलोमीटरच्या अंतरापर्यंतही घातक ठरू शकते. वस्तू लहान आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मग नेमबाजी हा खेळच निंद्य मानावा काय? तसेही म्हणवत नाही. शस्त्राचे खेळात रूपांतर करणे हे मानवी संस्कृतीचे एक जुने आणि चांगले काम आहे. आपल्या आखाड्यांतला दांडपट्टा हे एके काळी रणांगणावरचे हत्यार होते. आज तो मर्दानी खेळ म्हणून पाहिला जातो. भाल्याचेही तसेच झाले. मात्र एक भेद विसरून चालणार नाही. भाल्याने आज कोणी युद्ध करीत नाही. पिस्तूल मात्र आजही आपला जुना धंदा सोडून बसलेले नाही. त्याचे रूपांतर अर्धेच झाले आहे. उरलेले अर्धे घडविण्याचे काम कारखान्याचे नव्हे, निवडणाऱ्याचे आहे; आणि म्हणूनच पहिले पिस्तूल निवडणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

नवशिक्याचा ओढा बहुधा मोठ्या शस्त्राकडे असतो. मोठा आवाज, मोठा हिसका, हाताला जाणवणारे सामर्थ्य, यांत एक मद आहे. जाणते शिक्षक त्याला लहान नळीच्या पिस्तुलाकडे वळवितात, ते केवळ काटकसरीसाठी नव्हे. मोठे पिस्तूल उडताना हाताला असा धक्का देते, की नेम चुकला तो पिस्तुलाच्या हिसक्याने की आपल्या दचकण्याने, हे शिकणाऱ्यास कळतच नाही. लहान पिस्तुलात ही सबब उरत नाही. शिक्षक कधीकधी शिष्याच्या नकळत भरलेल्या काडतुसांत एक नकली काडतूस मिसळून ठेवतो. चाप ओढला जातो, बार होत नाही, आणि बार न होताच पिस्तुलाचे तोंड खाली झुकलेले सर्वांना दिसते! जो धक्का बसलाच नाही, त्याच्या भीतीने हात हलला होता. आपला दोष इतक्या निःसंदिग्धपणे आपल्यासमोर मांडणारी साधने जगात थोडी आहेत. माणसाने आपले पहिले साधन असे निवडावे, की ज्याच्या आड त्याला लपता येणार नाही.

या विद्येत आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटली. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याच्या मस्तकाखेरीज काहीच दिसले नाही, अशी कथा आहे; लोकांच्या तोंडी मस्तकाचा डोळा झाला आहे. एकाग्रतेचा हाच आदर्श आपण मुलांपुढे ठेवतो. पिस्तुलाचे शिक्षक मात्र जवळजवळ उलट सांगतात. मनुष्याचा डोळा एकाच वेळी जवळचे व दूरचे सारखेच स्पष्ट पाहू शकत नाही; म्हणून नजर ठेवावयाची ती नळीच्या टोकावरील माशीवर. मागच्या खाचेत ती मधोमध आणि सारख्या उंचीवर उभी आहे की नाही, एवढेच पाहावयाचे आणि समोरचे निशाण अंधुक राहू द्यावयाचे. निशाणाच्या मोहाने नजर पुढे धावली, की माशी ढळते आणि नेम चुकतो. येथे गीतेतील निष्काम कर्माचा हवाला देण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा, कारण गीता सांगितली गेली ती रणभूमीवर, आणि तेथले लक्ष्य कागदाचे नव्हते.

हे स्मरण आवश्यक आहे. संयम हा सद्गुणांचा सोबती असला, तरी तो स्वतः सद्गुण नव्हे. स्थिर हात मारेकऱ्याचाही असू शकतो. म्हणून शिस्तीवर भिस्त ठेवून भागत नाही. शिवाय शस्त्र घरात आले, की ते एकट्या मालकाचे राहत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या क्रोधाच्या, नैराश्याच्या आणि अविचाराच्या क्षणी ते तेथे हजर असते. असा क्षण बहुधा थोडक्यात निघून जातो. हाताशी शस्त्र असेल, तर तो निघून जाण्याइतका अवधीच मिळत नाही. ज्याने शस्त्र घेतले, त्याने आपल्याच नव्हे, तर साऱ्या घराच्या मनाची जोखीम पत्करली. आजीबाईंना तर्कशास्त्र येत नसेल. त्यांना घर कळते.

मी विद्यार्थ्याला लिहिले ते असे. पॉइंट बावीसचे पिस्तूल तूर्त घेऊच नये. 1959 च्या शस्त्रास्त्र कायद्याप्रमाणेही 21 वर्षांखालील व्यक्तीस बंदूक वा पिस्तूल स्वतः बाळगता येत नाही. शिक्षणासाठी देखरेखीखाली ते चालविता येते. ते मैदानावर असते, तेथेच राहावे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, ते याच व्यासाच्या पिस्तुलाने. तेव्हा ती वाट पुढे आहेच. पहिले पिस्तूल मात्र हवेच्या दाबावर चालणारे, साडेचार मिलिमीटरचे असावे. त्याची कीर्ती पाहू नये, मूठ पाहावी; डोळे मिटून हात उचलला आणि उघडून पाहिले, तर माशी खाचेत आपोआप बसलेली असावी. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे त्याचा चाप निदान 500 ग्रॅमचा भार पेलणारा असावा लागतो. तो त्याहून हलका करून घेण्याच्या भरीस पडू नये. दहा मीटरांवरच्या कागदातील दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते. सतरा वर्षांच्या महत्त्वाकांक्षेला तेवढे आव्हान पुष्कळ आहे. आणि या पिस्तुलाचा छर्राही डोळा फोडू शकतो, म्हणून तेसुद्धा कुलुपात राहावे.

पुढे त्याचे उत्तर आले. पिस्तूल घेतले, कपाटाची किल्ली आजींच्या कमरेला असते. रोज संध्याकाळी नात ती मागते आणि तासाभराने परत करते. आजींनी आपली हरकत मात्र मागे घेतलेली नाही. माझ्या मते ती त्यांनी घेऊही नये. पिस्तूल त्या घरात आहे तोवर ती हरकतही तेथे असावी.